कारण : आई आजारी

बाळासो पुकळेला कोरेगाव तालुक्यातल्या सात-आठ गावांत सगळे डॉक्टर म्हणायचे. तो काही डॉक्टर नव्हता. सरकारी कागदावर तो पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात जे मोठे साहेब असतात त्यांच्या हाताखालचा माणूस. पण म्हशीच्या पोटात रेडकू आडवं आलं की लोक साहेबांच्या दारात जायचे नाहीत, बाळासोच्या लुनाची वाट बघायचे. शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारून, हाताला साबण चोळून हा बाबा आत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हशीशी बोलत बोलत रेडकाचे पाय सरळ करायचा. धनगराचं पोर, मेंढरांत जन्मलेलं. जनावर कसं उभं राहिलंय एवढं बघून त्याचं काय दुखतंय ते ह्याला कळायचं. साहेब पुस्तक उघडेपर्यंत ह्याची सुई टोचून झालेली असायची.

अशा माणसाला बढती मिळू नये असं कोण म्हणेल? सरकारसुद्धा म्हणत नव्हतं. सरकारनं तीनदा दिली आणि तीनदा ह्यानं नको म्हटलं. त्याचीच ही हकिकत आहे, आणि ती काही फारशी बरी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिला हुकूम आला एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. आटपाडीच्या बाजूला एका दवाखान्याचा स्वतंत्र ताबा. स्वतंत्र म्हणजे डोक्यावर साहेब नाही. रजिस्टर तुझं, शिक्का तुझा, सही तुझी. शिपायानं पेढे मागितले. शालननं, म्हणजे बाळासोच्या बायकोनं, देवापुढं साखर ठेवली. बाळासोनं मात्र ती तोंडात घातली नाही. तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, आणि त्याला तीन वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले, ज्यांच्याविषयी तो कधी कुणाशी बोलला नव्हता.

अठ्ठ्याऐंशी साली साहेब पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते आणि तीन दिवस दवाखाना बाळासोच्या ताब्यात होता. पहिल्याच सकाळी एका वाडीतून बैल आणला. गळा सुजलेला, तोंडाला लाळ, घशात घरघर. बाळासोनं गळ्याला नुसता हात लावला आणि त्याला कळलं, घटसर्प. दुपारी त्याच वाडीतून दुसरं जनावर आलं. लस दवाखान्यातच होती, फ्रीजमध्ये. ती टोचायला ह्याला कुणाची आडकाठी नव्हती. फक्त साथ आली आहे असं एका कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच. त्यानं कागद घेतला, पेन घेतलं, आणि मग एकेक सुचायला लागलं. साथ नसलीच तर? वरून कुणी विचारलं, तू कोण रे साथ जाहीर करणारा, तर? लस वाया गेली तर? तीन दिवस तो कागद टेबलावर तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी साहेब परतले, एका जनावराकडं बघितलं, उभ्या उभ्या सही केली, आणि संध्याकाळच्या आत टोचणी सुरू झाली. तोवर अकरा जनावरं गेली होती. साहेब म्हणाले, "साथच ती, तू काय करणार?" लोकही तेच म्हणाले. ह्याला पहिल्याच सकाळी कळलं होतं, हे कुणाला ठाऊक?

आता ह्यावरून माणसानं काय शिकावं? पुढच्या वेळी मुकाट सही करावी, हे शिकावं. बाळासो शिकला ते भलतंच. सही करायची पाळीच आपल्यावर येऊ द्यायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

तर बढतीचा हुकूम खिशात घालून तो साताऱ्याला कचेरीत गेला. तिथं आकाराम नावाचा कारकून होता. मऊ स्वभावाचा, गालात कायम सुपारी, कुणाचं काम अडवून धरणं त्याला जमायचं नाही. त्यानं कोरा कागद पुढं सरकवला.

"कारण लिव गड्या. नुसतं नगो म्हणून चालत न्हाई. कारण लागतंय."

बाळासोला कारण सुचेना. शालनला त्यानं पोरांची शाळा मोडेल असं सांगितलं होतं, पण ते कारण कचेरीत टिकायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघता बघता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई आजारी असती."

"आरारा. कुठं असत्यात आई?"

आई, धोंडुबाई, होती म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीत. साठीला टेकलेली, चाळीस मेंढरं एकटी राखणारी, डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन चढ चढताना तरण्या बायकांना मागं टाकणारी. तिला आयुष्यात साधं डोकं दुखल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि आटपाडी तिथून अगदी जवळ! आई आजारी असेल तर ह्यानं उलट हात जोडून आटपाडी मागून घ्यायला हवी होती. हे ध्यानात आलं आणि बाळासोला दरदरून घाम फुटला.

"माझ्याकडंच असती," तो म्हणाला. "कोरेगावात."

"मग ऱ्हा की तितंच. आईपरीस बढती मोठी हाय व्हय?" असं म्हणून आकारामनं स्वतःच चांगल्या सरकारी भाषेत मजकूर सांगितला, 'मातोश्री वृद्ध व आजारी असून त्यांची शुश्रूषा करणारे अन्य कोणी नसल्याने.' बाळासोनं लिहून घेतलं आणि सही केली. ही सही करताना त्याला काहीच जड गेलं नाही.

दुसरा एखादा असता तर खोटं बोलून विसरून गेला असता. पण हा पडला भित्रा. उद्या कचेरीतलं कुणी कोरेगावला आलं आणि म्हणालं, चला, आईला बघून येऊ, तर काय दाखवायचं? पंधरा दिवस ह्या विचारानं त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो एसटीत बसला आणि आईला आणायला वाडीवर गेला. खोटं निस्तरायचा ह्याचा उपाय असा, की ते खरं करून टाकायचं. काय म्हणावं ह्याला!

"आये, कोरेगावाला चल. माझ्यापाशी ऱ्हा."

"आन मेंढरं?"

"भाऊसोला दिऊ." भाऊसो हा त्याचा चुलतभाऊ.

"का रं? मला काय धाड भरलीया?"

"लोक म्हणत्यात, ल्योक सरकारी नोकरीत आन आई रानात. मला लाज वाटती, आये."

इथं मात्र धोंडुबाई उठली आणि तिनं भाऊसोला बोलावणं धाडलं. पोराला आपली लाज वाटते म्हटल्यावर आई काय करणार? तिनं दोन दिवस लावून भाऊसोला एकेक मेंढरू ओळखीचं करून दिलं. ही थंडीत खोकते, हिला ओल्यात बसवू नको. ही दुसरीच्या कोकराला पाजत नाही. हा नर दिसतो गरीब, पण पाठ दाखवू नको. भाऊसो हसत होता. तिसऱ्या दिवशी लोकरीचं एक पोतं आणि टकळी घेऊन ती एसटीत चढली, आणि खिडकीजवळची जागा मिळूनसुद्धा तिनं बाहेर बघितलं नाही.

कोरेगावात दोन खोल्या, पुढं सिमेंटची पायरी, पायरीला लागून गल्ली. शालन सून म्हणून वाईट नव्हती, चांगली होती. हातात भाकरी द्यायची, "आत्ती, पडा वाईच," म्हणायची. पण जिनं जन्मात दिवसा पाठ टेकली नव्हती तिनं पडायचं कसं? धोंडुबाई पायरीवर बसून लोकर कातायची. चार महिन्यांत पोतं रिकामं झालं. मग ती गल्लीतल्या शेळ्यांमागं जायला लागली, तर शेळ्यांच्या मालकिणीला ते आवडलं नाही. मग तेही बंद झालं. चाळीस वर्षं दिवसाला पाच-पाच कोस चाललेली बाई दोन खोल्यांत बसली. आधी गुडघे धरले. मग पायांवर सूज आली. मग दम लागायला लागला, आणि ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली.

आणि गावात काय बोलबाला म्हणता! बाजारात लोक बाळासोला बोटानं दाखवायचे. आईसाठी बढतीवर पाणी सोडलं म्हणे. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. धोंडुबाईच्या कानावर मात्र ही बढती कुठली आणि कधीची, ते कुणी घातलं नाही. आधी आधी बाळासो चोरट्यासारखा मान खाली घालायचा. मग त्याला ते ऐकायची सवय झाली. आणि वाईट गोष्ट पुढंच आहे, हळूहळू त्याला स्वतःलाच ते पटायला लागलं. आईच्या पायाला तेल चोळताना त्याला वाटायचं, खरंच, हिच्यासाठी किती सोडलं मी!

चौऱ्याण्णव साली दुसरा हुकूम आला, शिरवळकडचा. ह्या वेळी कारण शोधावं लागलं नाही. आई खरोखरच आजारी होती, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा होती. जे पहिल्या वेळी खोटं होतं ते आता खरं झालं होतं. कुणामुळं झालं, तेवढा विचार बाळासोनं केला नाही. तो विचार करायचा म्हटलं की त्याला काहीतरी काम आठवायचं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिसरा हुकूम निघाला. जत. महिन्याच्या आत हजर व्हा, नाहीतर लेखी नकार द्या, आणि ह्या नकारानंतर नाव यादीतून कायमचं जाणार. आकारामला कोरेगावच्या बाजारातून घेवडा न्यायचा होता, म्हणून हुकूम तो स्वतःच घेऊन आला. येताना आजारी बाईसाठी चार मोसंबीही आणली. चांगला माणूस. धोंडुबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. आकाराम तिच्या पाया पडला.

"आवं आजी, लय पुण्यवान हायसा बगा. तुमच्या दुखण्यापायी ह्येनं एक्क्याण्णवला आटपाडी सोडली. मागनं शिरवळ सोडलं. आता जत आलंय, ते बी सोडतुया."

"आटपाडी?" धोंडुबाई म्हणाली. "कवा?"

"तुमी हितं ऱ्हायाला आलासा, तवाच की. तवा तुमी लय आजारी व्हतासा न्हवं?"

धोंडुबाईनं बाळासोकडं बघितलं. चहा घेऊन दारात आलेली शालन तिथंच थांबली. बाळासो मोसंबी सोलत बसला, जणू त्या घरात सोलायला दुसरं कुणीच नव्हतं. आकाराम चहा पिऊन, पुन्हा एकदा पाया पडून निघून गेला.

"बाळा," धोंडुबाई म्हणाली, "तवा मी डोक्यावं भारा व्हायची रं. आटपाडी म्हंजी आपल्या वाडीपासनं हाकंच्या अंतरावं. मी आजारी व्हती म्हणून सांगितलंस?"

"आये, तुझ्यासाठीच म्हणून मी..."

"माझ्यासाठी न्हवं. खरं सांग."

आणि नऊ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाळासोच्या तोंडून बाहेर पडलं. घटसर्प, तो कागद, अकरा जनावरं. शालन पहिल्यांदाच हे ऐकत होती. "मला भ्या वाटतं, आये," तो म्हणाला. "जनावराचं न्हाई वाटत. माझ्या सहीवर कुणाचं जगणं-मरणं हाय म्हणलं की हात गळत्यात." पन्नाशीकडं झुकलेला माणूस, लहान पोरासारखं नाक ओढत होता.

धोंडुबाईनं ऐकून घेतलं. तिला बोलताना दम लागायचा, म्हणून ती थांबत थांबत बोलली.

"भ्या मला न्हवतं व्हय? तुझा बा गेला तवा तू पाठीवं बांदल्याला व्हतास. मेंढरं घिऊन किस्ना उतरायची म्हणलं की दरसाल माझ्या पोटात कालवायचं. मी तुझ्या मामांस्नी म्हणायची, मला भ्या वाटतंय, तुमी म्होरं व्हा. ते म्होरं व्हायचे, मागनं मी जायची. मेंढरं आजारी हायती म्हणून काठावं बसली न्हाई कवा."

मग ती म्हणाली, "मला सांगायचं व्हतंस. आटपाडीला मी आली असती. तू सही करताना शेजारी बसली असती. तुझं भ्या माझ्या अंगावं घातलंस, बाळा. माझी मेंढरं गेली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. तिला वाडीवर जायचं होतं, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपमधून तिला नेलं. वाडीत तेव्हा एक मेंढरू नव्हतं. दिवाळी झाली की कळप खाली कऱ्हाडाच्या अंगाला चरायला जातात, भाऊसोही गेला होता. रिकाम्या कोंडवाड्यासमोर खाट टाकायला लावून धोंडुबाई चार दिवस तिकडं तोंड करून पडली. पाचव्या दिवशी सकाळी गेली. बाळासो उशाशी होता. तिला काही विचारायचं, माफी मागायची, असं त्याच्या फार मनात होतं, पण आज नको, थोडी हुशारी येऊ दे, म्हणत म्हणत ते राहून गेलं.

तेरावं उरकून तो कोरेगावात परतला तेव्हा डोकं भादरलेलं, डोळे आत गेलेले आणि हुकुमाच्या मुदतीचे आठ दिवस उरलेले. पाच दिवस तो कामावर गेला आणि आला. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं कागद पुढं ओढला. आता त्याला सगळं कळत होतं बरं का. आपल्याला काय होतं, कशानं होतं, ते कुणाच्या अंगावर घातलं आणि त्याचं काय झालं, हे सगळं स्पष्ट दिसत होतं. तरी पेन चालायला लागलं आणि कागदावर उमटलं, 'पत्नीची प्रकृती बरी नसल्याने.'

शालन सातवी शिकलेली होती. तिनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. तिला खाटेवरची सासू दिसली.

"आवं, मी धडधाकट हाय," ती म्हणाली. तिनं कागदावर हात ठेवला. "माझं नाव काढा त्यातनं. आत्तींचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. जतला जायाचं असंल तर चला, मी येती. तुमी सही करताना मी बसती शेजारी. पर माझं नाव त्यात घालू नगा."

बाळासोनं कागद फाडला. दुसरा घेतला. घामानं पेन घसरत होतं. त्यावर त्यानं एकच ओळ लिहिली, 'मला स्वतंत्र ताबा घेण्याची भीती वाटते.' खाली सही केली. शालननं वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. ती ओळ खरी होती, आणि असली ओळ लिहिणारा नवरा तिला सोळा वर्षांत पहिल्यांदा भेटत होता.

साताऱ्याच्या एसटीत बाळासोला हलकं वाटत होतं. इतकं हलकं, की निम्मी वाट सरल्यावर त्याच्या मनात आलं, हे एकदा लिहून झालंय तर जतला जायला तरी काय हरकत आहे? घाबरत घाबरत जाऊ. आई तशीच तर जायची. आकारामला म्हणावं, हा कागद वाच, आणि तरीपण मला पाठव. शालन येते म्हणालीय. त्यानं हे वाक्य दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं.

आकारामनं त्याच्या टोपीखालचं भादरलेलं डोकं बघितलं आणि खुर्चीतून उठला. "आजी गेल्या?"

"व्हय."

आकारामच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यानं बाळासोला बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. मग कागद उलगडला आणि वाचून इकडंतिकडं बघितलं.

"हे काय लिवलंयस, गड्या? भीती? आरं, हे फायलीत जन्मभर ऱ्हाईल. कचेरी हसंल. उद्या हाय ती नोकरी बी अडचणीत यील." त्यानं कागदाची घडी केली आणि बाळासोच्या खिशात परत घातली. "ध्यान थाऱ्यावर न्हाई तुझं, साजिक हाय. मी बगतो. आजी गेल्याचं साहेबांस्नी कुठं ठावं हाय? आधीचंच कारण ठिवू."

मजकूर त्याला तोंडपाठ होता. त्यानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. मातोश्री वृद्ध व आजारी असून त्यांची शुश्रूषा करणारे अन्य कोणी नसल्याने. कागद बाळासोपुढं आला. एसटीत घोळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. त्यानं तोंडसुद्धा उघडलं.

"हितं," आकारामनं बोट ठेवून जागा दाखवली.

बाळासोनं तिथं सही केली. आकारामनं कागदावर आवक तारखेचा शिक्का मारला. धोंडुबाईला जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.